उजव्या खाकेची शिवण

१८ जानेवारी

वहिनी,

पाकीट बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन तुम्ही उचलत नाही, कुणाबरोबर निरोप धाडला तर तो वाटेतच विरघळतो, मग माणसानं करावं तरी काय? फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण वाचून फाडा.

बातमी आधी सांगते. मी निवडून आले. हो, मीच! दादाच्या वॉर्डातून, दादाच्या जागेवर. समोरचा उमेदवार गल्लोगल्ली सांगत होता, ही बाई शाळेच्या पोरांच्या चड्ड्या शिवते, हिला महापालिकेतलं काय कळणार. शहाणाच म्हणायचा. त्या वॉर्डातल्या अर्ध्या मतदारांच्या चड्ड्या मीच शिवल्यात की! त्यांना राग आला आणि माझं काम झालं.

कालव्यापलीकडच्या गल्लीत मात्र वेगळंच. दारं उघडली, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. कुणी वाकडा शब्द काढला नाही. सरळही काढला नाही. मी आपली बोलत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. बाहेर पडताना चपला सापडेनात, इतकी घाई झाली मला.

कालव्यावरच्या पडलेल्या पुलाच्या जागी नवा पायपूल उभा राहिलाय. चांगला रुंद, दोन्ही बाजूंना कठडे. रंग द्यायचा तेवढा राहिलाय.

घर ठीक आहे. तुमच्या खोलीची खिडकी मी आठवड्यातून एकदा उघडते. छोटीची उंची वाढली असेल ना? तिचं माप पाठवा, एक फ्रॉक शिवून पाठवते. आत्या म्हणून एवढा हक्क तरी ठेवा. दादाचा करडा कोट अजून माझ्या दुकानात आहे. शेवटचा शिवायला आणून टाकला होता तो, नेहमीसारखा उजव्या खाकेत उसवलेला. सभागृहात सारखा हात वर करायची सवय, दुसरं काय होणार! शिवून ठेवलाय.

आणखी एक. सोबत एक कागद आहे. नव्या पुलाला दादाचं नाव द्यायचं घाटतंय. त्यासाठी घरच्यांची संमती लागते, पत्नीची पहिली. खाली रेघ मारली आहे तिथे सही करून परत धाडा. जास्त विचार करू नका.

— छोटीची आत्या


३ फेब्रुवारी

वहिनी,

कागद पोचला असेल. वाट बघतेय.

काल आमची पहिली सभा झाली. नवी पाच वर्षं सुरू! सगळे कसे परीटघडीचे कपडे घालून, पहिल्या दिवशी शाळेत आल्यासारखे. कोण कुणाच्या बाजूला बसणार यावरून दोघांची जुंपलीसुद्धा. शेवटी जागा वॉर्डाच्या क्रमानेच ठरल्या, त्यामुळे मला दादाचीच खुर्ची आली. तिचा डावा हात सैल आहे. दादा घरी येऊन कुरकुरायचा बघा, पाच वर्षं सांगतोय, कुणी स्क्रू पिळत नाही. अजून पिळलेला नाही.

आणि आमच्या महापालिकेची काटकसर ऐका. टेबलावर नावाची लाकडी पाटी असते. नवी केली नाही. जुनीच उलटी फिरवून मागच्या बाजूला माझं नाव रंगवलं. म्हणजे सभागृहाला दिसते मी, आणि मला समोर दिसतो दादा. चार तास मी त्याचं नाव वाचत बसले. शिपायाला म्हटलं, अरे हे पुसून तरी टाकायचं. तो म्हणाला, "ताई, दोनदा घासलं. रंग आत मुरलाय."

महापौरपदावर लोणी बसले. तुम्हाला माहीत आहेत, दादा ज्यांना लोणी म्हणायचा ते. समोरच्याला बोलता बोलता असं काही लावतात की माणूस चकचकीत होऊन घरी जातो. निवड हात वर करून झाली. त्यांचं नाव पुकारलं, सगळ्यांचे हात वर, माझाही वर. सचिव मोजत मोजत पुढे गेले, आकडा सांगितला, टाळ्या झाल्या. मग सचिव माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, मोजून झालं. हात खाली घेतलात तरी चालेल."

सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगते, तो अजून वर आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

वय झालं, दुसरं काय. दिवसभर मशीनवर वाकून खांदे आखडतात. कोटाची ती शिवण परत सुटली आहे. दोरा जुना असेल.

सहीचं विसरू नका.

— आत्या


१२ फेब्रुवारी

वहिनी,

कागद मिळाला. कोरा! सही नाही, चार ओळी नाहीत, छोटीचं मापसुद्धा नाही. घडीसुद्धा मी घातली होती तीच. अहो, नाही म्हणायचं तर तोंडाने नाही म्हणा की!

मला राग आला आहे, आणि आता आलाच आहे तर बोलून टाकते. दादाच्या शोकसभेत तुम्ही जे केलंत ते मी विसरलेले नाही. सभागृह भरलेलं. एकेक जण उठून त्याच्याबद्दल चांगलं बोलत होता. चौकशीतही सगळा दोष ठेकेदारावर गेला होता, दादावर एक अक्षर नव्हतं. आणि तुम्ही उठलात. म्हणालात, "पुलाची तपासणी व्हायच्या आधी तो उघडायचा ठराव यांनी मांडला. पहिला हात यांनी वर केला. तो हात अजून खाली आलेला नाही. पूल पडल्यापासून रोज झोपेत तो वर जायचा आणि रोज मी तो धरून खाली घ्यायचे."

लोकांना वाटलं, बाईचं दुःखानं डोकं फिरलं. मलाही तेच वाटलं. तसं वाटलं म्हणूनच मी तुम्हाला दंडाला धरून खाली बसवलं, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे. माझ्या भावाची अब्रू तुम्ही चव्हाट्यावर मांडलीत, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन निघून गेलात. मागे राहिले कोण? मी. बाजारात जायचं मी. "वहिनी काय म्हणत होत्या हो?" ऐकायचं मी.

म्हणून मला ते नाव पुलावर हवं आहे. लोखंडी अक्षरात, लांबून वाचता येईल असं. एकदा ते चढलं की कुणाची बोलायची हिंमत होणार नाही. तो वाईट माणूस नव्हता हो. लोक त्याच्या मागे लागले होते. पूल बांधून तयार, आणि तपासणारा साहेब महिनोन् महिने येईना. निवडणूक तोंडावर होती हेही खरं, मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण त्यानं ते लोकांसाठी केलं.

लोणींना सांगितलं, वहिनींची सही नाही. ते म्हणाले, "ताई, मनाला लावून घेऊ नका. सख्खी बहीण सभागृहात बसली आहे. एक तारखेच्या सभेत ठराव येईल. तुमचा हात वर झाला की झाली घरची संमती." म्हणजे आता तुमच्या सहीवाचून काही अडत नाही. कळावं म्हणून लिहिलं.

ताजा कलम: दोरा जुना नव्हता. परवा नवी रिळं आणली, दुहेरी शिलाई मारली. आज सकाळी दुकान उघडलं तर खाक उसवलेली.


२१ फेब्रुवारी

वहिनी,

मागच्या पत्रात तोंड सुटलं. परत घेत नाही, पण आज आवाज खाली आहे.

घड्याळवाले दुकानात आले होते. पुलाच्या पलीकडच्या टोकाला ज्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, मागेच घर, ते. पूल पडला त्या सकाळी त्यांची बायको त्याच्यावर होती. इतके दिवस ते मला टाळत होते, की मी त्यांना, देव जाणे. पँटची उंची कमी करायला आणली होती. पूर्वी त्यांचं असलं काम त्या स्वतः करायच्या.

माप घेताना मी खाली बसलेली, ते वर उभे. वरूनच म्हणाले, "पुलाला दादांचं नाव देताय म्हणे."

मी म्हटलं, "ठराव आहे."

"माझा राग नाही हो दादांवर," ते म्हणाले. "मीच त्यांच्या मागे लागलो होतो पूल उघडा म्हणून. हिचे गुडघे दुखायचे. वळसा घालून बाजारात जायचं म्हणजे वाटेत तीनदा बसायची. दादांना मी दुकानात बोलावून सांगितलं. ते म्हणाले, होऊन जाईल."

मी टाचण्या लावत राहिले. तोंडात टाचण्या असल्या की एक बरं असतं, बोलावं लागत नाही.

"फक्त एक आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी बाजारातून मला रिक्षानं घरी यावं लागतं, डोळ्यांना कमी दिसतं. रिक्षावाल्याला रोज सांगावं लागेल, अमक्या पुलाशी सोड. ते नाव रोज माझ्या तोंडानं घ्यावं लागेल. बाकी तुमची मर्जी."

पैसे मी घेतले नाहीत. ते ठेवून गेले.

वहिनी, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. दादा लहानपणी अंधाराला घाबरायचा, मी नाही. पण हा कोट मी आता कितीदा शिवलाय ते मोजायचं सोडून दिलं आहे. मेणाचा दोरा लावून बघितला. जाडी सुई घालून बघितली. आतून नवं कापड लावलं. उंदीर म्हणावा तर दाताची खूण नाही. कुणाची खोडी म्हणावी तर कुलूप जसंच्या तसं. आणि कापड फाटत नाही, फक्त शिवण सुटते, वरच्या बाजूला ओढल्यासारखी. कुणी आत हात घालून तो वर केला की जशी सुटेल तशीच. हे मी एक शिंपीण म्हणून सांगते. इतकी वर्षं याच एका जागी मी त्याला शिवून दिलंय, ती खूण मला परकी नाही.

हे कुणाला सांगू? लोणींना? लगेच "भावाची आठवण" म्हणून पेपरात छापून आणतील.

तुम्ही शोकसभेत सांगितलंत त्यातलं मागे लिहिलं तेवढंच माझ्या कानात राहिलं होतं. मधलं आता आठवतंय. तुम्ही म्हणाला होतात, तो झोपलेला असायचा, चेहरा शांत असायचा, आणि हात तेवढा वर. हे मधलं आठवलं आणि मी दुकानाचा दिवा दिवसाढवळ्या लावला.


२६ फेब्रुवारी

वहिनी,

आज लांबण लावत नाही.

मी तो कोट माझ्या मापाचा केला. खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या, कंबर सैल केली (हसा, मला चालेल). एक तारखेला तोच घालून सभेला जाणार. लोकांना वाटेल बहिणीची माया. माया आहेच. पण खरं कारण निराळं. अंगावर असला म्हणजे कोण उसवतंय ते तरी कळेल मला. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे.

खाक मी शिवली आहे. माझ्या हातानं याहून पक्की शिवण होत नाही.

हात वर करायचा की नाही, तुम्ही विचाराल. करणार आहे. तो माझा भाऊ आहे. आई गेली तेव्हा माझी वेणी तो घालायचा, वेडीवाकडी. त्याला मी वाऱ्यावर सोडू का? घड्याळवाल्यांचं बोलणं मनातून जात नाही, खोटं कशाला बोलू. पण मी करणार आहे.

भीती वाटतेय वहिनी. कुणाला तरी सांगायचं होतं.


१ मार्च, सभेहून आल्यावर

वहिनी,

अजून कोट अंगावरच आहे. आधी लिहिते, मग काढते.

सभागृहात शिरले तर सगळे उठून उभे राहिले. "दादांचा कोट!" लोणींच्या डोळ्यांत पाणी. त्यांना ते केव्हाही काढता येतं. खुर्चीत बसले. पाटीवरचं दादाचं नाव समोर. वर लोकांच्या बाकांवर घड्याळवाले, एकटे, काठी गुडघ्यांत धरून. त्यांना इतक्या लांबून मी दिसत नसणार, पण तोंड माझ्याच दिशेला होतं.

पाणीपट्टी झाली, गटारं झाली, मग पुलाचा ठराव आला. सचिवांनी वाचला. लोकनेते, कर्तव्यदक्ष, दूरदृष्टी. लोणी बोलायला उठले. म्हणाले, त्या दुर्दैवी प्रसंगानंतर हे सभागृह आपल्या एका सहकाऱ्याच्या ऋणातून मोकळं होत आहे. ते "मोकळं" त्यांनी असं काही सुखानं म्हटलं, वहिनी, की मी मान वळवून सगळ्यांकडे बघितलं. जुने सगळे तेच. पूल उघडायच्या ठरावाला ज्यांचे हात वर झाले होते, ते सगळे तिथेच बसले होते, निवांत. एकालाही दादाचं प्रेम आलेलं नव्हतं. पूल त्याच्या नावावर लागला की तो पडलेलासुद्धा त्याच्याच नावावर जाणार होता, आणि हे सगळे घरी जाऊन झोपणार होते.

"बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत," लोणी म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

मी हात वर केला नाही. हे नीट वाचा. मी केला नाही, माझा अजून विचार चालू होता. तो आपणहून निघाला. आधी कोपर टेबलावरून सुटलं, मग बाही वर सरकली. मी त्याच्याकडे बघतेय, आणि तो चाललाय वर, हळूहळू, झोपेतला माणूस कूस बदलतो तसा. आणि खाकेतून आवाज आला. टर्र. तो आवाज मी ओळखते. लहानपणापासून ओळखते.

मला दादा आठवला नाही, वहिनी. तुम्ही आठवलात.

मी डाव्या हातानं माझं उजवं मनगट धरलं आणि खाली ओढलं. येईना. दोन्ही पाय जमिनीला रोवले, दात आवळले. बाजूची बाई घाबरली, "ताई, चमक भरली का?" मी म्हटलं, "हो, जुनी आहे." ओढत ओढत टेबलापर्यंत आणला, मग मांडीपर्यंत, आणि मांडीखाली दाबून त्याच्यावर बसले. आणि दादाला मनातल्या मनात म्हटलं, पुरे आता. पुरे रे राजा. मोजून झालं.

तोवर सचिव माझ्याजवळून पुढे गेले होते.

"विरोधात?" लोणींनी विचारलं. विचारायचं म्हणून. नामकरणाच्या ठरावाला विरोधात कुणी कधी असतं का! ते पुढचा विषय हुडकायला लागलेसुद्धा होते.

मी डावा हात वर केला.

"ताई, गडबड होतेय," ते म्हणाले. "हे विरोधाचं मतदान आहे."

"मला ऐकू येतं," मी म्हटलं. माईक लावला. "पूल तपासायच्या आधी उघडायचा ठराव माझ्या भावानं आणला. पहिला हात त्याचा होता. मागोमाग तुमच्या सगळ्यांचे होते. तेव्हा चूक एकट्याची नाही, तर मान एकट्याला कशाला? त्या पुलावर त्याचं नाव नको. त्याच्या बायकोची संमती नाही, आणि माझीही नाही."

लोणी दोनदा घसा खाकरले. मग म्हणाले, घरच्यांचाच विरोध असेल तर प्रश्नच मिटला, ठराव मागे. विषय पुढे गेला. कचऱ्याच्या गाड्यांवर आले. मी पाटी उचलून पालथी घातली.

जिन्यात घड्याळवाले भेटले. मी हात दिला, त्यांनी तो धरला आणि आम्ही दोघे एकेक पायरी उतरलो. बाहेर त्यांनी रिक्षा थांबवली. "कुठं सोडू?" रिक्षावाल्यानं विचारलं. "पुलापाशी," ते म्हणाले.

घरी येऊन मी इतकी रडले, वहिनी, दादा गेला तेव्हाही रडले नव्हते इतकी. तो परत कधी माझ्यावर रागावणार नाही याचंच रडू येत होतं. उजवं मनगट काळंनिळं पडलं आहे, माझ्याच बोटांच्या खुणा. पेन धरवत नाही, म्हणून अक्षर असं आलंय. खाक उसवली आहे. ती तशीच ठेवणार, आता शिवायची नाही.

तुम्हाला परत बोलवायला हे पत्र नाही. यायचं तेव्हा या, नाही आलात तरी खिडकी मी उघडत जाईन. छोटीला माझे पापे. मला एवढंच विचारायचं होतं.

मी एकदाच ओढला, तोही दिवसाढवळ्या, भरल्या सभेत. तर माझा जीव गेला. इतका जड हात तुम्ही रोज रात्री एकट्या कशा खाली घेत होतात हो?

तुमची
वन्सं